काडीची माणसं, काडीची बाई

मागच्या दिवाळीत भाची चार दिवस माझ्याकडे राहायला आली होती. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत ती नोकरी करते. पुढ्यात फराळाची ताटली, हातात मोबाइल आणि एकटीचंच खुदुखुदू हसणं चाललेलं. न राहवून मी म्हटलं, "अगं, आम्हालाही सांग की, एवढं काय हसण्यासारखं आहे?" तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर काडीची माणसं. पहिलीतली पोरं पाटीवर काढतात तशी. गोल डोकं, एका रेघेचं धड, हातापायांच्या चार रेघा.

"यात काय विनोद आहे?"

"मावशी, हे 'स्टार ट्रेक'वरचं आहे," असं म्हणून ती समजावून सांगायला लागली. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकेतली जुनी अंतराळकथांची टीव्ही मालिका. तिच्यावर पुढे चित्रपट निघाले. २०१३ साली आलेल्या एका चित्रपटाच्या इंग्रजी नावातलं मधलं अक्षर मोठं लिहायचं की छोटं, यावर विकिपीडिया या ज्ञानकोशाच्या संपादकांनी चाळीस हजार शब्दांहून अधिक वाद घातला. त्या वादाची ही टिंगल. चित्रातला माणूस एक मोठं, एक छोटं, एक मोठं, एक छोटं अशी सगळी अक्षरं लिहून भांडण कायमचं मिटवून टाकतो. आपल्या देवनागरीत मोठी आणि छोटी अक्षरंच नाहीत, त्यामुळे अर्धा विनोद माझ्यापाशी पोचेपर्यंत गळून गेला होता. उरलेला अर्धा समजावून सांगताना गेला. आम्ही दोघी हसलो ते विनोदाला नाही, त्याच्या झालेल्या दशेला.

पण त्या चार दिवसांत मी ती चित्रं बरीच पाहिली. नंतर एकटीनेही पाहिली. त्यातून जे डोक्यात आलं ते आज मैत्रिणींपुढे ठेवते आहे. सुरुवातीलाच सांगते, हुंडाबळी, मालमत्तेचे हक्क, कामाच्या ठिकाणचा छळ असे विषय समोर असताना परदेशातल्या विनोदी चित्रांवर पानं का खर्चायची, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला होता. उत्तर पुढे येईल.

या चित्रमालिकेचं नाव 'एक्सकेसीडी'. या चार अक्षरांना काही अर्थ नाही; ती कशाची आद्याक्षरंही नाहीत. ती काढणारा रँडल मन्रो हा पदार्थविज्ञान शिकलेला अमेरिकन तरुण काही काळ 'नासा'च्या एका केंद्रात काम करत होता. २००५ पासून ही चित्रं इंटरनेटवर येतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी आठवड्यातून तीनदा. विषय प्रेम, गणित, भाषा, संगणक आणि एकूणच माणसाचा वेडेपणा. चित्रावर माऊसचा बाण टेकवला की आणखी एक ओळ उमटते, आणि पुष्कळदा खरी गंमत तिथेच असते. या विनोदांत टीव्हीवरच्या विज्ञानकथा सारख्या डोकावतात. आपल्याकडे 'पोपटाचा प्राण' किंवा 'द्रौपदीची थाळी' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, तसंच तिथे आहे. एखाद्या अंतराळयानाचं, एखाद्या कप्तानाचं नुसतं नाव घेतलं की ओळखणारे हसतात.

इथेच माझा पहिला मुद्दा आहे. असा संदर्भ म्हणजे दार असतं. ज्याला तो कळला तो आत येतो, हसतो, 'आपल्यातला' होतो. ज्याला कळला नाही तो उंबऱ्याबाहेर. विनोद करणाऱ्याच्या मनात तसं नसेलही, पण दार आहे म्हटलं की कुणीतरी दारवान होऊन उभा राहतोच.

भाचीच्या कचेरीतल्या तुकडीत आठ मुलगे आणि ती एकटी. मुलांचं बोलणं या चित्रांतल्या वाक्यांनी आणि मालिकांच्या संदर्भांनी भरलेलं. तिला ते परकं नव्हतंच. 'फायरफ्लाय' ही मालिका तिने इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर, एका पलंगावर पाचजणी दाटीवाटीने बसून, एकीच्या लॅपटॉपवर पाहिली होती. पहिल्याच महिन्यात चहाच्या टेबलाशी हा विषय निघाला आणि ती उत्साहाने म्हणाली, "मला फार आवडते ती!" पुढचा प्रश्न आला, "तुला कुणी दाखवली? बॉयफ्रेंडने?" मग रीतसर परीक्षा. एकूण भाग किती? कुठल्या क्रमाने दाखवले गेले? अमुक ग्रहाचं नाव काय? तिने उत्तरं दिली, पास झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी एक मुलगा नव्याने आला. त्याने ती मालिका पाहिलेलीच नव्हती. त्याची परीक्षा कुणी घेतली नाही. "अरे, बघ मग, तुला देतो," म्हणाले, झालं.

ही एवढीशी गोष्ट. तक्रार करायला जावं तर काय सांगणार? की मला प्रश्न विचारले? आपल्यापैकी ज्या बँकेत, शाळेत, पक्षात, अगदी पुरोगामी संघटनांतही काम करतात त्यांना ही परीक्षा ओळखीची वाटेल. विषय तेवढा बदलतो. कुठे क्रिकेट, कुठे मार्क्स.

खरं तर या घरात बायका पाहुण्या म्हणून आलेल्याच नाहीत. हे घर बांधण्यात त्यांचा हात होता. 'स्टार ट्रेक' १९६६ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुरू झाली, ती 'डेसिलू' नावाच्या स्टुडिओतून. त्या वेळी त्या स्टुडिओची मालकीण आणि प्रमुख होती विनोदी अभिनेत्री लूसील बॉल. मालिकेच्या महत्त्वाच्या लेखकांत डोरोथी फोंटाना होती. पण तिचं नाव पडद्यावर 'डी. सी. फोंटाना' असं यायचं, कारण बाईचं नाव दिसलं की संहिता वाचण्याआधीच मत बनायचं. इंग्लंडमध्ये १९६३ साली 'डॉक्टर हू' सुरू झाली. तिची पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट सत्तावीस वर्षांची होती आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता लखनौमध्ये जन्मलेला वारिस हुसेन. बीबीसीच्या त्या काळच्या साहेबी वातावरणात एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी तरुण यांनी ही मालिका उभी केली. आणि त्या मालिकेतलं मुख्य पात्र बाईच्या रूपात दिसायला २०१७ साल उजाडावं लागलं. दर काही वर्षांनी ते पात्र कथेतच नवं शरीर धारण करतं, तरीही चौपन्न वर्षं ते फक्त पुरुषाचंच शरीर घेत राहिलं! जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीचं नाव २०१७ साली जाहीर झालं तेव्हा 'परंपरा बुडाली' म्हणून केवढी ओरड झाली.

प्रेक्षक म्हणूनही बायका पहिल्यापासून पुढे होत्या. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचं पहिलं हस्तनिर्मित मासिक 'स्पॉकानेलिया' १९६७ साली निघालं, ते दोन बायकांनी काढलं होतं. मालिका बंद पडू नये म्हणून पत्रांची जी मोठी मोहीम झाली, तीही बीजो ट्रिंबल या बाईने आपल्या नवऱ्याच्या साथीने चालवली. टंकलेखन करायचं, चक्रमुद्रित प्रती काढायच्या, पिना मारायच्या, पाकिटं चिकटवायची. आपल्यातल्या जुन्या मैत्रिणींना हे वाचून शाईचा वास येईल.

माझी स्वतःची आठवण सांगते. १९८०च्या दशकात 'स्टार ट्रेक' दूरदर्शनवर लागायची तेव्हा मी शाळेत होते. इंग्रजी फारसं कळत नसे. पण त्या यानाच्या मुख्य दालनात कानाला यंत्र लावून बसलेली लाल कपड्यांतली काळी बाई मला पक्की आठवते. ती उहुरा. भूमिका केली होती निशेल निकल्स या अभिनेत्रीने. आमच्या चाळीतल्या त्या टीव्हीसमोर शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "टेलिफोन ऑपरेटर दिसतेय!" काकू अगदीच चुकल्या नव्हत्या. तेविसाव्या शतकात तारे ओलांडून गेलेल्या जहाजावर बाईला काम दिलं होतं ते फोन जोडून देण्याचं, आणि गणवेश मांड्यांपर्यंत आखूड. स्वतः निकल्स पहिल्या वर्षानंतर कंटाळून मालिका सोडायला निघाली होती. तिने पुढे अनेकदा सांगितलेली हकीकत अशी, की त्याच सुमारास तिला मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, सोडू नकोस. तुला तिथे बसलेलं पाहणं आमच्या मुलांसाठी फार मोलाचं आहे. ती राहिली. १९७७ पासून तिने 'नासा'साठी गावोगाव फिरून बायकांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर व्हायला बोलावलं. १९७८ साली निवडलेल्या तुकडीत अमेरिकेच्या पहिल्या सहा स्त्री अंतराळवीर होत्या. लहानपणी उहुराला पाहून भारावलेली मे जेमिसन १९९२ साली अंतराळात गेली, आणि तिथे जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. पुढच्याच वर्षी ती 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत पाहुणी म्हणून झळकली!

म्हणजे पडद्यावरच्या या 'खोट्या' गोष्टी इतक्याही खोट्या नसतात. पण त्याच मालिकेचा १९६९ सालचा शेवटचा भाग पाहा. एक स्त्री शास्त्रज्ञ कप्तानाचं शरीर बळकावते, कारण यानाच्या कप्तानांच्या जगात बाईला जागाच नाही. आणि तिची ही खंत तिच्या वेडाचं लक्षण म्हणून दाखवली आहे. स्त्री कप्तान मध्यवर्ती असलेली 'स्टार ट्रेक' मालिका त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९९५ साली आली.

आता विनोदाचं काय होतं ते पाहू. १९७३ साली पॉला स्मिथ नावाच्या चाहतीने एका मासिकात एक छोटीशी विडंबनकथा लिहिली. तिची नायिका 'मेरी स्यू', वय वर्षं साडेपंधरा, यानावरची सर्वांत तरुण अधिकारी, सर्वगुणसंपन्न, सगळे तिच्या प्रेमात. हौशी लेखिकांच्या स्वप्नाळू कथांची ही घरातल्या घरात केलेली थट्टा होती. बायकांनी बायकांची केलेली, प्रेमाची. आज तो शब्द कुणाच्या तोंडी आहे? कुठल्याही चित्रपटात, मालिकेत एखादी बाई जरा कर्तबगार दाखवली की 'ही तर मेरी स्यू!' म्हणून तिला निकालात काढतात. दहा जणांना एका हाताने लोळवणाऱ्या, सगळं येणाऱ्या, सगळ्यांना आवडणाऱ्या नायकांना मात्र कुणी असं नाव ठेवत नाही. त्यांना हीरो म्हणतात. माजघरातला विनोद ओसरीवर गेला की त्याची काठी होते, ती अशी.

'एक्सकेसीडी'कडे परत येते. भाचीला जे चित्र सर्वांत आवडायचं, आणि ज्यावरून आमचा वाद झाला, ते २००७ सालचं. मारामारीच्या चित्रपटात गोष्ट वगैरे हवीच कशाला, या गप्पांतून एका काल्पनिक चित्रपटाची कल्पना निघते. त्याचं नावच मुळी 'रिव्हर टॅम सगळ्यांना बडवते'. रिव्हर टॅम म्हणजे 'फायरफ्लाय'मधली अशक्त, घाबरलेली दिसणारी किशोरवयीन मुलगी. ती मालिका २००२ साली आली. चौदा भाग तयार होते, ते भलत्याच क्रमाने दाखवले आणि अकरा दाखवून मालिका बंद केली. चाहत्यांनी मात्र ती सोडली नाही, आणि २००५ साली तिच्यावर 'सेरेनिटी' हा चित्रपट निघाला. त्यात रिव्हर एकटी घोळक्याच्या घोळक्याला लोळवते.

"किती भारी वाटतं गं मावशी, एवढीशी पोरगी सगळ्यांना धुते," भाची म्हणाली.

"आणि तिला लढायला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

ती गप्प झाली. कारण गोष्ट तिला माझ्याहून चांगली ठाऊक होती. रिव्हर अतिशय हुशार मुलगी. सरकारी संस्थेत शिकायला म्हणून तिला नेलं आणि तिच्या मेंदूवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून तिचं हत्यार बनवलं. तिचा भाऊ सगळं पणाला लावून तिला सोडवून आणतो. तिचं ते लढणं तिच्यावर झालेल्या अत्याचारातून आलेलं आहे. मालिकेत हे दुःख दिसतं. विनोदात कथानक गाळायचं हीच गंमत असल्याने नेमकं तेच गाळलं जातं, आणि मागे उरते ती लाथा मारणारी सुंदर मुलगी. मन्रोला हे कळत नसेल असं मी म्हणत नाही. तो हसतो आहे ते अशा चित्रपटांच्या प्रेक्षकाला, त्यात स्वतःलाही. पण भिंतीवर लावायला त्या प्रेक्षकाच्या हाती काय राहतं, हे आपण विचारायला नको का?

'फायरफ्लाय'चा कर्ता जॉस व्हीडन. खंबीर स्त्रिया लिहिणारा पुरुष म्हणून त्याची कीर्ती होती. 'इक्वॅलिटी नाऊ' या स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २००६ साली त्याचा सत्कार केला. त्याच वर्षापासून चाहत्यांनी शहरोशहरी 'सेरेनिटी'चे खेळ लावून त्या संस्थेसाठी पैसे उभे करायला सुरुवात केली. हे काम मला मनापासून मोलाचं वाटतं. मग २०१७ साली त्याच्यापासून विभक्त झालेल्या पत्नीने जाहीर लिहिलं, की त्याचा स्त्रीवाद दिखाऊ होता. २०२१ साली त्याच्या आधीच्या मालिकांतली अभिनेत्री करिझ्मा कार्पेंटर हिने उघड आरोप केला, की त्याने सत्तेचा गैरवापर केला आणि ती गरोदर असताना तिला अपमानास्पद वागवलं. २०२२ सालच्या एका मुलाखतीत व्हीडनने बरेचसे आरोप नाकारले. न्यायनिवाडा करायला मी बसलेली नाही. पण पडद्यावर बाईच्या हाती तलवार देणं आणि सेटवर बाईला माणूस म्हणून वागवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला नवं नाही. व्यासपीठावरून स्त्रीमुक्तीवर बोलणारे आणि घरी पाण्याचा तांब्याही स्वतः न उचलणारे आपण कमी पाहिलेत का?

भाचीला याचं फार वाईट वाटलं. "म्हणजे मी ते बघायचंच नाही का आता?" असं मी कशाला म्हणेन? हॉस्टेलच्या पलंगावरच्या त्या पाचजणींचा आनंद त्यांचा स्वतःचा होता. तो व्हीडनच्या मालकीचा नाही. त्याच्या वागण्याने तो परतही घेतला जात नाही. ते पहा, हसा, पण गाळलेलं कथानक आठवत राहा, इतकंच माझं म्हणणं.

आता ते चित्र सांगते, ज्यासाठी हा सारा प्रपंच. २००८ सालचं. यात मालिकेचा संदर्भ नाही, अंतराळ नाही. दोन चौकटी, दोन फळे. पहिल्या चौकटीत एक मुलगा फळ्यावर गणित चुकतो. बघणारा त्याला म्हणतो, तुझं गणित भलतंच कच्चं आहे. दुसऱ्या चौकटीत अगदी तीच चूक एक मुलगी करते. बघणारा म्हणतो, मुलींचं गणित भलतंच कच्चं असतं. संपलं. आपण तीन तासांच्या शिबिरात जे सांगायला धडपडतो ते या पुरुषाने दोन चौकटींत सांगून टाकलं आहे. आणि इथे कुठलंही दार नाही. कुठली मालिका पाहिली असण्याची अट नाही.

हे चित्र दाखवताना भाचीने मला जे सांगितलं ते ती कुणाशीच बोलली नव्हती. गेल्या वर्षी तिच्या हातून कामात एक चूक झाली. रात्रभर जागून तिनेच ती दुरुस्तही केली. सकाळी वरिष्ठ हसत हसत म्हणाले, "म्हणूनच मी मुलींना रात्रीची जबाबदारी द्यायला नको म्हणत होतो." सगळे हसले. तीही हसली. तेव्हापासून तिने बैठकीत प्रश्न विचारणं बंद केलं. "मावशी, मी काही विचारलं की तो मुलींचा प्रश्न होतो. माझी चूक झाली की माझ्या मागून येणाऱ्या पोरींची वाट अडते. एवढं ओझं घेऊन कुणी काम कसं करेल?" ती नोकरी सोडायच्या विचारात होती. आणि आम्ही घरचे समजत होतो, की पोरीला पगार चांगला आहे, गाडी न्यायला येते, आणखी काय हवं!

हे माझं उत्तर, सुरुवातीच्या प्रश्नाचं. आपल्या मुली ज्या खोल्यांत बसून कमावतात तिथे हात उगारला जात नाही. तिथे हसून काम भागवलं जातं. मग त्या हसण्याकडे आपण पाहायला नको?

पण या चांगल्या चित्रकाराच्याही हातून निसटलेली एक गोष्ट आहे. त्याच्या बहुतेक चित्रांत पुरुष कसा ओळखायचा? त्याला केस नसतात. नुसतं गोल डोकं. आणि बाई? त्याच डोक्याला केस जोडले की बाई. कधी खांद्यापर्यंत काळे, कधी मागे बांधलेले. म्हणजे काहीही न जोडलेला, मूळचा, साधा माणूस हा पुरुष. आणि बाई म्हणजे माणूस अधिक केस. मन्रोने मुद्दाम केलं असं नाही. काडीच्या चित्रात दुसरं काय करणार, असं तुम्ही म्हणाल. पण मग पुरुषाला मिशा जोडून बाईचं डोकं मोकळं का नाही ठेवलं?

त्याला हसण्याआधी आपली मराठी पाहा. 'माणूस' म्हटलं की कोण डोळ्यांपुढे येतो? 'आमचे माणूस' म्हणजे नवरा. आणि बाई म्हणजे 'बाईमाणूस'. 'पुरुषमाणूस' हा शब्द आहे खरा, पण तो आपण कधी वापरतो? घरात करतं कुणी नाही, हे सांगायचं असतं तेव्हा. 'बाईमाणूस' मात्र रात्री उशीर झाला, गाडी चालवली, मोठ्याने हसली की लगेच. मन्रोने रेघांनी जोडले ते केस आपण शब्दाने जोडले आहेत.

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी मुलींचं शिबिर होतं. मी प्रत्येकीला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, "एक माणूस काढा. काडीचा काढला तरी चालेल." मग विचारलं, "हा कोण?" बहुतेकींनी काढलेला माणूस बाप्याच होता. मग त्या दोन फळ्यांचं चित्र मोठं करून, मराठीत लिहून भिंतीवर लावलं. दोन मिनिटं शांतता. मग एक नववीतली मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या घरी सायकलचं पण असंच आहे. दादा पडला तर दादा पडला. मी पडले तर पोरींनी सायकल चालवू नये." मग जी रांग लागली ती जेवणाच्या घंटेपर्यंत थांबेना. आणि सांगताना मुली खो खो हसत होत्या. कार्यकर्त्या मैत्रिणींना व्यवहाराची एक गोष्ट सांगून ठेवते. नफा कमवायचा नसेल आणि चित्रकाराचं नाव दिलं तर ही चित्रं मोकळेपणाने वापरायला त्याने परवानगी देऊन ठेवलेली आहे.

स्त्रीवादी बायकांना विनोद कळत नाही, हा आरोप आपण वर्षानुवर्षं ऐकतो. हे म्हणणाऱ्यांनी स्त्री मुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' पाहिलेलं नसावं. १९८३ पासून गावोगावच्या चौकांत ते झालं, आणि त्यात हसता हसता बायकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पण आरोपात थोडं तथ्यही आहे, हे आपसांत मान्य करू या. अलीकडे आपल्या सभांमधून हसणं कमी झालं आहे. आपली पत्रकं अहवालांसारखी झाली आहेत. आपल्यालाही आपले संदर्भ आहेत, आपल्या संक्षेपांची भाषा आहे. नव्याने आलेली मुलगी ते ऐकून कोपऱ्यात गप्प बसते, आणि आपण समजतो तिला रस नाही. तिच्यापुढे उंबऱ्यात दारवान होऊन कोण उभं आहे, हे कधी पाहिलंय आपण?

भाचीने नोकरी अजून सोडलेली नाही. पुढे सोडेलही, तो निर्णय तिचा. त्या दोन फळ्यांचं चित्र तिने आपल्या टेबलाशी लावलं. वरिष्ठांनी ते वाचलं आणि काही बोलले नाहीत. चार दिवसांनी तिने बैठकीत प्रश्न विचारला. मागच्या महिन्यात तुकडीत आणखी एक मुलगी आली, लातूरकडची. चहाच्या टेबलाशी नेहमीप्रमाणे 'फायरफ्लाय'चा विषय निघाला आणि ती बिचारी कावरीबावरी झाली. कुणी काही विचारायच्या आत भाची म्हणाली, "नाही पाहिलीस? मग शनिवारी खोलीवर ये. चिवडा मी आणते."

तुमच्या कचेरीत, कॉलेजात, वस्तीत असे कोणते विनोद चालतात? त्यांना तुम्ही काय उत्तर देता? हसून, रागावून, की नवा विनोद करून? जरूर लिहून पाठवा. चित्र काढून पाठवलंत तर फारच उत्तम. काडीची चालतील.